भात्याचं चामडं

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. असं असून दिवसभर खुर्चीत बसून आलेख बघायची नोकरी मी का धरली, हे माझं मलाच ठाऊक नाही. त्या मंगळवारी सकाळी मी चौथ्यांदा उठून खिडकीपर्यंत चक्कर मारून आले. पडद्यावर ०४१७ या क्रमांकाचा चौदा महिन्यांचा आलेख होता आणि तो काही केल्या शहाण्यासारखा वागत नव्हता. ०४१७ म्हणजे माझे वडील, मनोहर सुतार, मिरजेत हार्मोनियम दुरुस्त करणारे आप्पा.

आमच्या प्रकल्पाचं खरं नाव एका दमात घेता येत नाही, म्हणून आम्ही त्याला 'बारादेशी' म्हणतो. बारा देश, सात निधी देणाऱ्या संस्था आणि चाळीस हजार माणसं. मेंदू झिजवणारे आजार कुणाला होतात, कुणाला होत नाहीत, आणि कशामुळे, एवढाच प्रश्न. झोप, हवा, खाणं, कामधंदा, बहिरेपण, एकटेपणा, सगळं मोजायचं. प्रत्येक देशाने एकेक धागा घेतला होता. मिरजेच्या वाट्याला आली कानाने काम करणारी माणसं: सतार करणारे, तबले मढवणारे, गाणारे, पेट्या लावणारे. अशांचा मेंदू जास्त टिकतो का, ते आम्ही बघत होतो.

मोजायला मनगटावरचा राखाडी पट्टा. या आजारांत मेंदूतली काही प्रथिनं चुकीची घडी घेतात, चुकीचं शेजारच्याला चुकीचं करतं आणि हळूहळू कचरा साठतो. मेंदू भारी चलाख. एक रस्ता बंद पडला की दुसऱ्याने काम काढतो, म्हणून दहा-बारा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. पण वळसा घालून जायला वेळ लागतो. पाऊल टाकताना, कप उचलताना, भाजी चिरताना दोन हालचालींमधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागंपुढं होतं. माणसाला ते जाणवत नाही, पट्ट्याला जाणवतं. पट्ट्याने वर्षभर लय तुटताना दाखवली आणि रक्तातही खूण सापडली, की त्या माणसाला औषध मिळतं. महिन्यातून एकदा, सलाईनमधून. औषध कचरा काढतं. मेलेली पेशी मात्र उठवत नाही, म्हणून लवकर मिळण्याला किंमत.

आप्पांचा पट्टा सांगत होता, लय तुटतेय. आप्पांचं रक्त सांगत होतं, काहीही झालेलं नाही. चारदा तपासलं, चारही वेळा स्वच्छ.

नॉर्वेत बसलेल्या आमच्या प्रमुख डॉ. मारित होल्म यांना याचा केवढा आनंद झाला होता! त्यांनी त्याला 'मिरज अपवाद' असं नाव देऊन टाकलं. त्यांचं म्हणणं, या माणसाला आजार लागला, पण कचरा साठतच नाहीये. कानाच्या कामात असं काहीतरी आहे, जे मेंदू धुऊन काढतं. पुण्याचे डॉ. उपासनी तर फोनवर जवळजवळ गात होते. "ऋतुजा, निधी देणाऱ्या संस्थांचे लोक पुढच्या गुरुवारी मिरजेत येतायत. आप्पांना सूर लावताना बघणार. मिरज केंद्राला आणखी पाच वर्षं मिळालीच म्हणून समज."

आनंद मलाही झाला होता, कशाला नाही म्हणू? केंद्रावर आम्ही बाराजण होतो आणि मार्चनंतर कुणाचंच काही ठरलेलं नव्हतं. त्यात अपवाद निघाला तो माझा बाप. पण मला चैन नव्हती. पट्टा रोजची फक्त गोळाबेरीज पाठवतो. तासातासाची नोंद पट्ट्यातच राहते आणि आठवड्याने पुसली जाते. नातेवाइकांकडे आपण जायचं नाही असा नियम, म्हणून आप्पांकडे आमच्या केंद्रातली जबीन मुजावर जायची, रोज सकाळी दहाच्या आत. त्या दिवशी मी तिला आठवड्याची कच्ची नोंद उतरवून आणायला सांगितली.

तिने आणली. सकाळी अकरापर्यंत आप्पांची लय विशीतल्या पोराची. चारनंतरही तशीच. तुटत होती ती फक्त अकरा ते चार.

"जबीन, आजार काय ड्युटीवर येतो का गं? अकराला हजर, चारला घरी?"

"दुपारचं जेवण जड होत असंल ताई," जबीन म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं, की ती चहा आणायला गेली.

बुधवारी दुपारी बाराला मी दुकानात थडकले. मी राहते सांगलीला, विश्रामबागेत, आणि आईआप्पांकडे येते ते रविवारी. रविवारी दुकान बंद. लग्न होऊन गेल्यापासून आप्पांना सूर लावताना मी पाहिलंच नव्हतं, हे त्या बोळात शिरताना लक्षात आलं आणि जरा लाज वाटली.

"आज कशी वाट चुकलीस?" आप्पा म्हणाले. समोर लाकडी चौकटीवर पेटीतले पितळी सूर, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पातळ पट्ट्या, मांडलेले, हातात बारीक कानस. चौकटीखाली सूर वाजवून बघायचा भाता, आणि त्याच्या मुठीवर आईचा हात. "बस तिथं. एवढा पंचम हातावेगळा करतो."

असं म्हणत त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडला आणि मागे न बघता हात मागे केला. आईनेही न बघता तो घेतला, बांगड्या वर सरकवल्या, पट्टा आपल्या मनगटावर चढवला आणि भाता दाबायला लागली. हे सगळं चष्मा काढून ठेवावा इतक्या सवयीने झालं.

"आप्पा, पट्टा का काढला?"

"कुणकुणतंय ते. काळी दोनच्या सुराच्या जरा वर. त्याच्या संगतीनं सूर लावायचा म्हंजे शेजारी लग्नाचा बँड लावून ठेवल्यागत हाय."

"त्याला आवाज नाही. कंपनीने तपासून दिलाय."

"कंपनीला कान हायत का?"

"मग आईच्या हातात कशाला?"

"अगं, नुसता ठेवला की तांबडा दिवा लागतोय त्याचा," आई म्हणाली. "जबीन म्हणली, तांबडे दिवे लागले की ऋतूताईंच्या सेंटरचं नाव खाली जातंय. म्हणून मी घालते. बसलेलीच असते की मी हितं."

"कधीपासून?"

"पयल्या आठवड्यापासनं. का गं?"

बारा देशांतल्या शहाण्यांनी मिळून हा पट्टा बनवला. तो हातात आहे की नाही हे त्याला कळतं, कुणाच्या हातात आहे हे कळत नाही. ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या मनगटावरची वस्तू दुसऱ्याला कोण देतं? आमच्याकडे देतात. नवऱ्याने हात मागे केला की बायको त्यात असेल ते घेते आणि सांभाळते, इतकं साधं.

मी उभीच होते. आता मला फक्त आईचा हात दिसत होता. भाता एक, दोन, तीन, सारख्या श्वासाने दाबला जायचा आणि चौथा श्वास किंचित उशिरा यायचा. आप्पांनी सुराचं टोक घासलं. टोकाला घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. "अजून एक केस," आई म्हणाली. त्यांनी घासलं. "आता बसला." म्हणजे सूर बसला की नाही हे तीच सांगत होती, आणि तेही मी त्याच दिवशी पाहिलं.

मग श्वास पुन्हा अडखळला. आप्पांनी कानस खाली ठेवली आणि वाकून भात्याकडे बघितलं. "ह्याचं चामडं परत गेलं बघ. वर्षात दोनदा बदललं, नवं कोरं बकऱ्याचं. तरी श्वास तुटतोयच."



जबीनला सांगून मी त्याच दिवशी आईचं रक्त काढून घेतलं आणि एका खासगी प्रयोगशाळेत दिलं. निकाल शनिवारी आला. खूण होती, चांगली ठळक. रविवारी दुपारी मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आई रडेल. ती हसली.

"मला काय झालंय? आमटीत दोनदा मीठ पडतंय एवढंच. ते तुझ्या आजीचंबी पडायचं."

"आजीला शेवटी तू कोण तेही कळत नव्हतं, आई."

आप्पा उठले. बंद दुकान उघडून त्यांनी भाता सोडवून आणला, हवा भरली, तोंड दाबून धरलं आणि कानाशी नेला. हवा कुठून सुटतेय का, ते ऐकत बसले. मग म्हणाले, "ह्यात काय खोट न्हाई गं ऋतू. चामडं चांगलं हाय." बारा देशांतल्या शहाण्यांना कळायच्या आधी वर्षभर त्यांनी आजार ऐकला होता आणि बिचारे चामडं बदलत बसले होते.

आता पेच असा होता. चौदा महिन्यांची ती नोंद आईची आहे असं मी लेखी कळवलं, तर पट्टा आणि रक्त दोन्ही तिच्या नावावर लागतं आणि पुढच्याच महिन्यात औषध सुरू होतं. पण मग मिरज अपवाद संपला, गुरुवारची मंडळी हात हलवत परत गेली आणि ज्या केंद्रात चौदा महिने पट्टा भलत्याच हातात होता, त्याला कोण पाच वर्षं देईल? उलट गप्प राहिले, तर केंद्र टिकेल. नंतर आईचं नाव नव्याने घालायचं, नव्याने वर्षभर पट्टा बांधायचा, मग औषध. सगळं मिळून दीड वर्ष जातं.

"त्येच कर," आई म्हणाली. "पावणे येऊन जाऊ देत. तुमचं पाच वर्साचं होऊ दे. मग घाल माझं नाव. त्या जबीनचं सगळं घर तिच्यावर हाय. मी पट्टा घातला तो तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून. आणि आता तूच पाडतीस व्हय?"

"दीड वर्ष म्हणजे थोडं नाही, आई."

"दीड वर्स मी ठेवीन की समदं आठवणीत."



सोमवारी मी उपासनींना आडून विचारलं, एखाद्याला दीड वर्ष उशिरा औषध मिळालं तर काय जाईल? "ते सांगता आलं असतं तर आपण कशाला हवे होतो?" ते म्हणाले. "कुणाची नावं जातात, कुणाचा स्वयंपाक जातो. एकदा गेलं की गेलं. का गं, कुणाचं आहे?" मी म्हटलं, असंच. मंगळवार आणि बुधवार मी नुसती फिरत होते. गाडीवरून मिरज-सांगली, सांगली-मिरज. जबीनने पाहुण्यांसाठी दुकानाच्या दाराला झेंडूचं तोरण आणलं होतं, ते बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी काहीच ठरवू शकले नाही. आणि ठरवत नाही तो गप्प राहतो, म्हणजे मी गप्प राहायचंच ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी दोघांना पढवलं. "आप्पा, आज पट्टा काढायचा नाही. अर्धा तास सहन करा. आई, त्यांनी चुकून दिला तरी तू घ्यायचा नाहीस. हात मांडीवर ठेवून बसायचं. लक्षात राहील?"

"मला काय येडी समजतीस?" आई म्हणाली.

अकराच्या सुमाराला मंडळी आली. मारित उंच, साध्या कापडाच्या झोळीवाल्या, बोलायला मऊ. निधी देणाऱ्या संस्थांची तीन माणसं, डॉ. उपासनी, आणि दारात जबीन. प्रत्येक पाहुण्याच्या कानात भाषांतराचं बोंड होतं, त्यामुळे आम्ही मराठीत काहीही बोललो तरी त्यांना त्यांच्या भाषेत ऐकू जायचं. आप्पा कानस घेऊन बसले. भात्याची मूठ दाबायला मी बसले, कारण आईला लांब, भिंतीला टेकून बसवलं होतं.

सूर लागेना. आप्पांनी टोक घासलं, बूड घासलं, परत टोक. चढला, उतरला, परत चढला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मारितना वाटत होतं, हेच ते काम, आणि त्या कौतुकाने वाकून बघत होत्या. मला दिसत होतं, आप्पा सुराशी झगडतच नव्हते, मनगटातल्या कुणकुणीशी झगडत होते. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा एक सूर नासवला. टोक फार झिजलं आणि पितळी पट्टी मोडली.

त्यांनी दुसरी घेतली. आणि मग, सवयच ती, न बघता पट्टा सोडला आणि हात मागे केला.

हात तसाच राहिला. पट्टा बोटांतून लोंबत होता. आईने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबली, मांडीवर ठेवला, परत उचलला. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर गोंधळ होता, आणि खरं सांगते, भीतीही होती. मोठ्याने, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, "घिऊ का नको गं ऋतू? तू सकाळी काय सांगितलंवतंस मला?"

दोन तासांपूर्वी सांगितलेलं तिला आठवत नव्हतं.

"घे आई," मी म्हटलं. मी उठले, आप्पांच्या हातातला पट्टा घेतला, आईच्या बांगड्या वर सरकवल्या आणि तिच्या मनगटावर बांधला. मग मारितकडे वळले. "मॅडम, ०४१७ ची लय तुटते ती या हाताची आहे. ही माझी आई. चौदा महिने रोज पाच तास पट्टा हिच्या हातात होता. आप्पा धडधाकट आहेत. तुमचा अपवाद खोटा आहे, आणि मला ते आठ दिवसांपासून माहीत आहे."

उपासनी खाली बसले. निधीवाल्यांपैकी एक बाई बोळात जाऊन फोनवर बोलायला लागल्या. जबीन दारातून आत आली नाही. मारित मात्र हलल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, पट्टा काढलाच कशाला? आप्पांनी सांगितलं, कुणकुणतो. मारितनी तो आईच्या हातावरच कानाशी नेला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. त्यांना काही ऐकू आलं नाही. तरी त्यांनी वहीत लिहून घेतलं, काळी दोन, जरा वर.

"यांचं नाव आपल्याकडे का नव्हतं?" त्यांनी विचारलं.

का नव्हतं हे मला पाठ होतं. पहिल्या वर्षी घराघराचे अर्ज भरले तेव्हा आईचा अर्ज मीच भरला होता. व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, गृहिणी. कानाने काम करणाऱ्यांत गृहिणी बसत नाही, म्हणून यंत्राने नाव गाळलं. मी तिला एका शब्दाने विचारलंही नव्हतं. हे सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मारितनी झोळीतून कोरा अर्ज काढला. नाव, शालन मनोहर सुतार. वय, बासष्ट. व्यवसायाशी त्यांचं पेन थांबलं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "लिवा. सूर लावते. लग्न झाल्यापासनं."

आई म्हणाली, "अवो, काय बी काय सांगताय," आणि लाजली.

पाच वर्षं मिळाली नाहीत. एक मिळालं, तेही सहा माणसांवर. जबीन त्या सहांत नव्हती. आता ती एका दवाखान्यात नोंदणीला बसते आणि दिसली की बोलते, पण पहिल्यासारखं ताई म्हणत नाही. माझा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी मी असते तर बोललेही नसते.

आईला पहिलं सलाईन पुढच्या महिन्याच्या सतरा तारखेला लागलं. त्यानंतरच्या सोमवारी मी रजा काढून दुकानात जाऊन बसले, आणि बसले ती चक्क दोन तास. आप्पांनी पंचम लावायला घेतला. पट्टा आईच्या हातात होता, तिच्या नावाचा. एक, दोन, तीन, सारखे श्वास. चौथा अडखळला.

आप्पांनी कानस उचलून धरली आणि थांबले. भात्याकडे त्यांनी बघितलं नाही. आईकडे बघत होते. श्वास आला तेव्हा त्यांनी घासायला घेतलं.